युद्धभागातल्या सुईणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मिडवायफरी, म्हणजे सुईणीचं शास्त्रशुद्ध काम, शिकवते. दरवर्षी ५ मे, म्हणजे जागतिक सुईण दिन, जवळ आला की कुठल्या ना कुठल्या मंडळात बोलायला जाणं होतं. युक्रेन, सुदान, गाझाच्या बातम्या सुरू झाल्यापासून भाषणापेक्षा नंतरचे प्रश्नच जास्त लांबतात. काही प्रश्न मुलींचे असतात, काही त्यांच्या आईवडिलांचे, तर काही पेपर वाचून अस्वस्थ झालेल्या आजी-आजोबांचे. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

युद्धात माणसं बाँबनं मरतात. त्यात बाळंतपणाचा प्रश्न वेगळा काढायचं कारण काय?

लढाई सुरू झाली म्हणून कुणाचे भरत आलेले दिवस थांबत नाहीत. मदतकार्याची आखणी करणारे लोक एक ढोबळ हिशेब धरतात. कुठल्याही विस्थापित वस्तीत साधारण चौथा हिस्सा मूल होण्याच्या वयातल्या बायकांचा असतो आणि सुमारे ४ टक्के लोक त्या घटकेला गरोदर असतात. म्हणजे २५,००० माणसांची छावणी पडली की त्यात हजारभर पोटुशी बायका आल्याच. त्यातल्या साधारण १५ टक्के जणींना जिवावर बेतेल अशी काहीतरी अडचण येते. आता हे १५ टक्के काही युद्धामुळे येत नाहीत, कोथरूड-हडपसरमध्येही अडचणी येतातच. पण इथे रात्री दोन वाजता अडलं तरी रिक्षा मिळते, रक्तपेढी उघडी असते आणि भूलतज्ज्ञाला फोन लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २,६०,००० बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावल्या. त्यातल्या दहापैकी जवळपास सहा जणी संघर्षग्रस्त किंवा कारभार मोडकळीला आलेल्या देशांतल्या होत्या. लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावतात हे मोजतात. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. युद्ध चालू असलेल्या देशांत तो सरासरी पाचशेच्या घरात जातो.

या बायकांच्या अंगावर छप्पर कोसळलेलं नसतं. अतिरक्तस्राव, वाढलेल्या रक्तदाबानं येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण आणि असुरक्षित गर्भपात ही कारणं जगभर तीच आहेत. आम्ही वर्गात ‘तीन उशीर’ शिकवतो : दवाखान्यात जायचं ठरवायला लागणारा उशीर, पोचायला लागणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागणारा उशीर. युद्ध हे तिन्ही उशीर वाढवतं. बाहेर गोळीबार चाललाय म्हणून घरातले सकाळपर्यंत थांबू म्हणतात, वाटेत चार नाकी लागतात, आणि पोचावं तर जनरेटरला डिझेल नसतं.

मग एकटी सुईण तिथं काय करू शकते? डॉक्टर नकोत का?

हवेत ना. पण बाळंतपणात बाई हातची जाते ती सगळ्यात जास्त वेळा रक्त जाऊन, आणि ते थांबवण्याची पहिली सगळी कामं शिकलेल्या सुईणीची आहेत. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लोकांना हे माहीत नसतं.

आमच्या स्किल लॅबमध्ये पहिल्या आठवड्यातच एक प्रयोग करतो. लाल रंग घातलेलं अर्धा लिटर पाणी मोजून घ्यायचं, ते गोधडीवर, सुती साडीवर, लादीवर थोडं थोडं ओतायचं आणि मुलींना बोलावून विचारायचं, किती गेलं सांगा. बहुतेकींचं उत्तर दोनशे मिलीच्या पुढे जात नाही. गोधडी रक्त पिते आणि डोळ्याला काही दिसत नाही. अनुभवी माणसांचाही अंदाज असाच कमी निघतो. अर्धा लिटर म्हणजे अतिरक्तस्रावाची जुनी व्याख्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या नव्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ३०० मिलीला नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तरी उपचार सुरू करा, पाचशेची वाट बघू नका.

म्हणून बाळंतिणीच्या खाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी लावतात आणि रक्त त्यात मोजतात. रक्त जास्त दिसलं की गर्भाशय चोळणं, ते आवळणारं औषध, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि कुठे फाटलंय का, वार अडकली आहे का याची तपासणी, हे सगळं एकापाठोपाठ एक न करता एकदमच करायचं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात याची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली आले आणि गंभीर रक्तस्राव व त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटलेले दिसले. यात कुठलंही महागडं यंत्र नाही.

औषधांची मात्र गोची आहे. गर्भाशय आवळणारं नेहमीचं औषध म्हणजे ऑक्सिटोसिन, ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. फ्रीज बंद पडला की औषधाचा जोर हळूहळू उतरतो, कुपी मात्र तशीच्या तशी दिसते. म्हणून युद्धभागात त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या असतात. त्यांना फ्रीज लागत नाही, फक्त ओल लागू द्यायची नाही. उष्णता सोसणारं कार्बेटोसिन २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं, तेही याच कारणानं. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट. हे स्वस्त आहे, जुनं आहे आणि अजूनही त्याच्या तोडीचं दुसरं नाही. शिरेतून द्यायची सोय नसेल तर दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम इंजेक्शन देऊन बाईला पुढे पाठवता येतं. मात्र औषध जास्त होत नाही ना हे कळायला गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल, श्वास आणि लघवी यांवर लक्ष ठेवायचं हे माझ्या मुलींना झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे.

छावणीत ‘बाळंतपणाची पिशवी’ वाटतात म्हणे. त्यात काय असतं?

साबण, प्लॅस्टिकचा एक तुकडा, नवं कोरं ब्लेड, नाळ बांधायला दोरा, हातमोजे आणि बाळ पुसून गुंडाळायला सुती कापड. बस. वाटेतच कळा सुरू झाल्या तर निदान धनुर्वात आणि जंतुसंसर्ग तरी टळावा एवढाच त्याचा हेतू. पिशवी दिली म्हणजे बाळंतपणाची सोय झाली असं समजणारे देणगीदार असतात, त्यांना मी नेहमी सांगते की हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. संकट उद्भवल्यापासून ४८ तासांच्या आत काय काय उभं राहिलं पाहिजे याची एक आंतरराष्ट्रीय किमान यादी आहे. त्यात दिवसरात्र चालू असलेलं प्रसूती केंद्र, मोठ्या दवाखान्यात पोचवायची व्यवस्था, रक्त, आणि लैंगिक अत्याचार झालेल्या बाईसाठी उपचार हे सगळं येतं.

अत्याचार झालेल्या बायकाही सुईणीकडेच येतात का?

पुष्कळदा हो, कारण तिच्या दारात जायला बाईला कुणाला कारण सांगावं लागत नाही. गर्भ राहू नये यासाठीची गोळी १२० तासांपर्यंत आणि एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करता येतात. नाव, जबाब, पोलीस या गोष्टी तिच्या इच्छेवर. उपचार मात्र आधी.

सिझेरियनच करावं लागलं तर?

ते सुईणीचं काम नाही आणि तिनं ते करूही नये. वेळेत ओळखून पुढे पाठवणं हे तिचं काम. पण पुढे पाठवायला पुढे कुणीतरी हवं ना! मोझांबिकमध्ये गृहयुद्ध चालू असताना, १९८४ पासून, डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचं शिक्षण द्यायला सुरुवात झाली. पुढे ग्रामीण भागातली बहुतेक सिझेरियन त्यांच्याच हातून होऊ लागली. आपल्याकडच्या डॉक्टर मंडळींना हे सांगितलं की भुवया वर जातात. जाऊ देत.

दुसरा मार्ग म्हणजे दिवस भरायच्या आधीच बाईला दवाखान्याजवळ आणून ठेवणं. आपल्या राज्यात आदिवासी भागात ‘माहेरघर’ योजना आहे, तिचं तत्त्व हेच. रस्ता बंद होईल, हे गृहीत धरूनच तारीख ठरवायची.

प्रसूतिगृहांवर हल्ले खरंच होतात, की प्रचार असतो?

होतात. ९ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधल्या मारिउपोलच्या प्रसूती रुग्णालयावर हवाई हल्ला झाला. १२ मे २०२० रोजी काबूलच्या दश्त-ए-बारची भागातल्या प्रसूतिगृहात बंदूकधारी शिरले. तिथे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदतसंस्थेचं काम चालू होतं. २४ जणांचा जीव गेला, त्यात १६ माता होत्या आणि एक सुईणही होती. त्या दिवशी जगभर परिचारिका दिन होता. सुदानमधल्या अल-फाशरच्या सौदी प्रसूती रुग्णालयावर जानेवारी २०२५ मध्ये ड्रोन हल्ला झाला, सुमारे ७० माणसं मारली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातल्या अल-शिफा रुग्णालयातून अपुऱ्या दिवसांची ३१ बाळं हलवावी लागली. ती आधी रफाहच्या एमिराती प्रसूती रुग्णालयात आणि तिथून बहुतेक इजिप्तमध्ये गेली.

कायदा याबाबतीत अजिबात संदिग्ध नाही. १९४९च्या चौथ्या जीनिव्हा करारात गरोदर बायकांना विशेष संरक्षण आहे, रुग्णालयांवर हल्ला करायला मनाई आहे आणि वेढ्यात अडकलेल्या बाळंतिणींना बाहेर काढण्यासाठी दोन्ही बाजूंनी समझोता करावा असंही कलम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं २०१६ साली २२८६ क्रमांकाचा ठराव करून हे पुन्हा बजावलं. ठरावानंतरच्या तारखा वर दिल्याच आहेत.

बाहेरून गेलेल्या सुईणींमुळे काम चालतं का?

माझं मत स्पष्ट आहे : नाही. काम चालतं ते तिथल्याच बायकांच्या जोरावर. बाहेरची माणसं काही महिन्यांसाठी येतात आणि परिस्थिती फारच बिघडली तर त्यांना सगळ्यात आधी बाहेर काढतात. स्थानिक सुईण तंबूत राहते, स्वतःची मुलं सासूकडे टाकून रात्रपाळीला येते आणि कित्येकदा तिचं स्वतःचं घर पडलेलं असतं.

अफगाणिस्तानचं उदाहरण बघा. २००२ नंतर तिथे गावातल्याच मुली निवडून, त्यांना शिकवून गावातच परत पाठवायचा कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला देशात पाचशेसुद्धा सुईणी नव्हत्या, पुढे त्या हजारोंनी वाढल्या. मातामृत्यू कमी होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. परक्या पुरुषाकडून तपासून घ्यायला बायका तयार नसतात, घरच्यांना तर ते चालतच नाही, तिथे दुसरा उपायच नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये तालिबाननं मुलींचं वैद्यकीय शिक्षण बंद केलं, त्यात सुईणींच्या शाळाही आल्या. आज काम करणाऱ्या सुईणी निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या जागी कोण येणार, हा प्रश्न बाँबच्या बातम्यांसारखा पहिल्या पानावर येत नाही.

आफ्रिकेतल्या सोमालीलँडच्या एडना अदान इस्माईल यांचं नाव मुलींनी ऐकलेलं असावं असं मला वाटतं. पेशानं त्या परिचारिका आणि सुईण. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या हर्गेसा शहरात त्यांनी २००२ साली रुग्णालय उघडलं आणि हजार सुईणी तयार करायचा निश्चय केला. २०२३चा टेम्पल्टन पुरस्कार त्यांना मिळाला. आणि शेजारचं बांगलादेश. म्यानमारमधून रोहिंग्यांचे लोंढे ऑगस्ट २०१७ मध्ये कॉक्स बाजारला आले तेव्हा तीन वर्षांची पदविका घेतलेल्या बांगलादेशी सुईणींची पहिली पिढी नुकतीच तयार झालेली होती. त्या छावण्यांत उभ्या राहिल्या.

गावच्या दायांना शिकवून भागणार नाही का?

थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणानं दाई रक्तस्राव थांबवू शकत नाही, हे आता पुरेसं सिद्ध झालं आहे. पण तिला हाकलून देणं हाही शहाणपणा नाही. कुणाला कितवा महिना आहे, कुणाचा नवरा बेपत्ता आहे, कुठली बाई दुखणं अंगावर काढते आहे, हे तिलाच ठाऊक असतं. तिला सोबतीला घ्यावं. बाईला केंद्रात घेऊन येणं, कळांच्या वेळी हात धरून बसणं, नंतर घरी जाऊन बघून येणं, ही कामं ती आमच्यापेक्षा चांगली करते.

धास्तीनं आईचं दूध आटतं ना? मग डब्याचं दूध पाठवलेलं बरं नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्या आजी असतात आणि त्यांच्या मनात फक्त माया असते. पण उत्तर ‘नाही’ असंच आहे. फार ताण आला की दूध सुटायला वेळ लागतो, दूध तयार होणं मात्र बंद होत नाही. आईला निवांत कोपरा द्या, पाणी आणि जेवण द्या, बाळ उघड्या अंगाला लावा, पुन्हा पुन्हा पाजू द्या, दूध येतं. डब्याचं दूध पाठवलं की ते कालवायला छावणीतलंच पाणी वापरलं जातं, बाटली उकळायला इंधन नसतं, आणि बाळाला हगवण लागते. दरम्यान आईचं दूध खरोखरच कमी होतं, कारण बाळ ओढतच नाही. ज्या बाळाची आई गेली, त्याच्यासाठी डब्याचं दूध लागतं, पण ते आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली. सरसकट वाटायची ती वस्तू नव्हे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला इन्क्युबेटर नसेल तर आईच्या छातीशी बांधून ठेवतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीला इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून ही पद्धत सुरू झाली. आता चांगल्या रुग्णालयांतही तीच सांगतात.

हे सगळं दूरदेशीचं. आपल्याकडे याचा काय संबंध?

गडचिरोली दूर आहे का? भामरागडच्या बाजूला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका तुटतो, आणि वर्षानुवर्षं तिथे नक्षलवादी आणि पोलीस यांच्यामध्ये गावं सापडलेली होती. अशा टापूत नर्सबाई पायी जात राहिल्या. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतल्यावर त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. संघर्षाच्या भागात काय चालतं हे शिकायला विमानाचं तिकीट काढायलाच हवं असं नाही. मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये हिंसाचार उसळल्यावर मदत छावण्यांत बाळंतपणं झाली, तीही आपलीच माणसं.

माझी मुलगी जायचं म्हणते. पाठवू का?

ताई, धोका नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. मोठ्या संस्था सुरक्षेचे नियम कडक पाळतात, आणि तरीही माणसं जखमी होतात, मारली जातात. त्यातले बहुतेक स्थानिक असतात, हेही खरं. मुलीला विचारा की ती कशासाठी जाते आहे. फोटोसाठी जाणारी दुसऱ्याच आठवड्यात कळते. जिला रात्रपाळीत तीन बाळंतपणं एकटीनं निभावता येतात आणि सकाळी नोंदवही नीट भरता येते, ती तिथेही उपयोगी पडेल. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था उभी राहिली आणि सुईणीच्या कामाला लोक कमी लेखत होते त्या काळात तिथल्या मुली ससून रुग्णालयात हे काम शिकल्या. त्यांच्याही घरी असेच प्रश्न विचारले गेले असतील.

पात्रता काय लागते?

जीएनएम (नर्सिंग आणि मिडवायफरीची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि त्यानंतर किमान दोन वर्षं गर्दीच्या लेबर रूमचा अनुभव. ससून किंवा महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, अशा ठिकाणी हात तयार होतो. खासगी रुग्णालयात डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभं राहिल्यानं होत नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानुसार १८ महिन्यांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ अभ्यासक्रम आहे. तो जरूर करा. आंतरराष्ट्रीय सुईण महासंघ परिचारिकांसाठी एवढ्याच कालावधीचं किमान शिक्षण धरतो.

भाषेकडे मुली दुर्लक्ष करतात. काँगो, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, या सगळीकडे फ्रेंच चालते. पुण्यात आलियाँस फ्राँसेज आहे, संध्याकाळचे वर्ग असतात. सुदान, येमेनसाठी अरबी. इंग्रजी तर हवंच.

मुलगे जाऊ शकतात का?

जाऊ शकतात. काही देशांत पुरुष सुईणकाम करतातही. पण बऱ्याच भागांत बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश नसेल, त्यांची नेमणूक औषधसाठा, रुग्णवाहिका, प्रशिक्षण अशा कामांवर होईल.

आम्ही इथे बसून काय पाठवू? कपडे, औषधं गोळा केली तर?

कृपया नको. उरलेल्या गोळ्या, सँपलच्या पट्ट्या, मुदत संपत आलेली सलाइन हे तिथे पोचल्यावर वेगळं काढायला आणि जाळायला माणसं लागतात. देणगीतल्या औषधाची मुदत पोचल्यावर निदान वर्षभर शिल्लक असावी असा नियम आहे, आणि तो गणेश मंडळाच्या खोक्यातून पाळला जात नाही. पैसे द्या, नोंदणीकृत संस्थेला द्या, पावती घ्या आणि ‘स्थानिक सुईणींच्या पगारावर किती खर्च होतो?’ हा एक प्रश्न विचारा. कित्येक ठिकाणी त्यांना महिनोन्महिने पगार मिळालेला नसतो. परदेशात पैसे पाठवायचे असतील तर बँकेत आधी चौकशी करा, नियम वेगळे आहेत. आणि गडचिरोलीतल्या एखाद्या मुलीचा नर्सिंगचा खर्च उचलायचा असेल तर थेट तिच्या कॉलेजशी बोला. फी भरायची मुदत बहुधा प्रवेशाच्या वेळीच असते, नंतर फोन करून उपयोग होत नाही.